मदत हवी आहे: फरशीतले ठिपके म्हणजे कोळंबीची विष्ठा?

राजारामपुरीकर: नमस्कार मंडळी. घराच्या फरशीसाठी जैसलमेरचा पिवळा दगड आणलाय, म्हणजे चुनखडीच. कापून उरलेल्या तुकड्यावर पाणी पडलं आणि तिळाएवढे काळपट गोल उठून दिसले. दहापट भिंगाखाली दोन-तीन गोलांत बारीक पांढरे टिंब आहेत, अगदी चाळणीसारखे. मिस्त्री म्हणतात, "डाग हाय, पॉलिशनं जाईल." मी मात्र काम थांबवलंय, घरी शिव्या खातोय.

वाचलं की खेकडा-कोळंबी वर्गातल्या प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म असे दिसतात, फॅव्हरिना म्हणतात त्यांना. आपल्याकडं सगळा लाव्हाचा काळा कातळ, पन्हाळ्यावर जांभा. जीवाश्म बघायची सवयच नाही. हे ओळखायचं कसं? चुनखडीत साधे गोल दाणेही असतात ना?

खडकवेडा: असतात, आणि तिथंच फसायला होतं. ऊइड, म्हणजे थर चढत बनलेला साधा गोल दाणा, असेल तर कांद्यासारखे एकात एक थर दिसतात. गोगलगाय किंवा किड्याच्या विष्ठेची गोळी आतून बहुधा सपाट, एकसारखी. तुमच्या टिंबांचं महत्त्व वेगळं आहे. खेकडा-कोळंबी वर्गातल्या प्राण्यांच्या जठराच्या शेवटच्या भागात बोटांसारखे उंचवटे असतात. विष्ठा त्यांच्यामधून पुढं सरकते, आणि जिथं बोट तिथं पोकळ नळी राहते. पुढं त्या नळ्यांत स्वच्छ कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचंच खनिज, भरतं, म्हणून टिंब पांढरे. सोऱ्यातून मॅकरोनी पडावी तसं समजा (जेवताना वाचत असाल तर माफी).

आता बघायचं ते हे: त्याच तुकड्यात लांबट दाणे आहेत का, आणि त्यांत समांतर रेषा आहेत का? नळ्या आडव्या कापल्या की टिंब, उभ्या कापल्या की रेषा. शिवाय टिंबांची मांडणी डावी-उजवी सारखी हवी. नळ्यांची संख्या, आकार आणि रचना यांवरून नावं ठरतात. कोयरीसारख्या वाकड्या असतील तर पॅलॅक्सियस. पण नाव विष्ठेचं, प्राण्याचं नव्हे. करणारा सोबत सापडणं विरळाच. फॅव्हरिना हे नाव जीवाश्म-अभ्यासक ब्रोनिमान यांनी 1955 मध्ये दिलं, जिनिव्हाचे संशोधक फाव्र यांच्यावरून.

आणि दुकानदार 'जैसलमेर' म्हणून काहीही खपवतात, बिल तपासा. खरा असेल तर ज्युरासिक, साधारण 16 कोटी वर्षांचा, म्हणजे शक्यता आहे. शहाबादी असती तर विषयच मिटला असता. ती घडली तेव्हा कोळंबी जन्मालाच यायची होती.

राजारामपुरीकर: आत्ता भिंग घेऊन बसलो. लांबट दाणे चार, दोघांत रेषा स्पष्ट! मांडणी मात्र भिंगानं कळत नाही.

खडकवेडा: मग पातळ छेद हवा, 0.03 मिमीपर्यंत घासलेला, सूक्ष्मदर्शकाखाली. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात विचारा. व्हिनेगरचा थेंब टाकू नका, चुनखडी आहे एवढंच कळेल आणि पॉलिश जाईल.

कोकणी_मावशी: अरे, ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर बिळांभोवती बघ, कोळंबीच्या भावंडांचे असलेच बारीक कांड्यांसारखे तुकडे पडलेले असतात. ताजा माल बघून मग फरशी बघ.

राजारामपुरीकर: मावशी, रविवारी येतो. तोवर तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवलाय, विष्ठा आहे हे आईला सांगितलेलं नाही.