शब्दचर्चा : 'कास्तान्या' म्हणजे नक्की काय?

प्रश्न : स्पॅनिश मजकुरात 'कास्तान्या' आणि 'कास्तान्यो' असे दोन्ही शब्द येतात. दोन्हीकडे 'चेस्टनट' (तपकिरी टरफलाचं, भाजून खातात ते फळ) लिहिलं तर चालेल का? पोर्तुगीज 'कश्तान्या' म्हणजे तेच का?

उत्तर : सरसकट नको. 'कास्तान्या' हे फळ, स्त्रीलिंगी. 'कास्तान्यो' हे झाड, पुल्लिंगी. आपल्याकडे नारळ आणि माड, तसंच. म्हणून 'मिएल दे कास्तान्यो' म्हणजे त्या झाडाच्या फुलांचा मध. 'चेस्टनट घातलेला मध' असं भाषांतर साफ चुकेल. 'कास्तान्यो' रंगही आहे, पण केसांचा, डोळ्यांचा किंवा घोड्याचा. तपकिरी बुटांना स्पॅनिशमध्ये 'मारोन' म्हणतात.

मूळ लॅटिन 'कास्तानेआ'. झाडाचं नाव मात्र प्रत्येक भाषेनं आपापल्या परीनं घडवलं: पोर्तुगीज 'कश्तान्येइरु', गॅलिशियन 'कास्तिन्येइरो', कॅटलान 'कस्तान्ये'. बास्क ही लॅटिनची लेक नव्हे, पण तिनंही शब्द उचलला: 'गास्ताइन्या'. त्याला 'ओन्दो' जोडलं की झाड.

उच्चाराचं एक. शेवटचा ध्वनी 'न' अधिक 'य' नाही, तो एकच ध्वनी आहे, म्हणजे आपला वर्णमालेतला ञ. 'कास्ताञा' हेच अचूक लेखन. वाचक अडखळतो म्हणून नाइलाजानं 'न्या'.

पुरवणी, पोर्तुगीजपुरती : मजकूर पोर्तुगालचा की ब्राझीलचा, हे आधी बघा. पोर्तुगालमध्ये 11 नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, भाजतात तो चेस्टनट. टरफलाला आधी चीर देतात, नाहीतर आतल्या वाफेनं तो फुटून उडतो. ब्राझीलमध्ये 'कास्तान्या दे काझू' म्हणजे काजूगर, आणि 'कास्तान्या दो पारा' म्हणजे ब्राझील नट. तिथं नुसतं 'काझू' म्हटलं की बोंडू! पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात हे झाड गोव्यात आणलं. आपण फळाचं नाव बीला दिलं आणि फळाला बोंडू म्हणू लागलो. त्यामुळे 'सुको दे काझू' हा बोंडूचा रस आहे. 'काजूचा रस' लिहिलंत तर वाचक काजूगर वाटायला बसेल.

आणखी एक : 'कास्तान्यो दे इंदियास' (इंग्रजीत हॉर्स चेस्टनट) या नावातल्या 'इंदियास'वरून ते भारतातलं झाड समजू नका. ते मूळ बाल्कन भागातलं, रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात. बी दिसायला चेस्टनटसारखीच, पण विषारी. पाककृतीच्या भाषांतरात ही गल्लत झाली तर कुणाच्या तरी पोटात जाईल.