सुलाचं प्रॉस्पेक्टस वाचायला घ्या
नाशिकात बी.कॉम. करून इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये (कंपन्यांना भांडवल उभारायला मदत करण्याच्या कामात) शिरता येईल का, या प्रश्नावर बहुतेकांनी ‘आधी सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) करा’ म्हटलंय. मला हा क्रम पटत नाही. परीक्षा नंतरही देता येईल हो, आधी एक खरा व्यवहार मुळापासून समजून घ्या. आपल्या नाशिकच्या सुला या वाइन कंपनीचा डिसेंबर २०२२ चा आयपीओच (लोकांना पहिल्यांदा केलेली शेअरविक्री) बघा. त्याचं प्रॉस्पेक्टस, म्हणजे माहितीपत्रक, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या साइटवर फुकट मिळतं. सुमारे ९६० कोटींचा तो इश्यू पूर्ण ऑफर फॉर सेल होता; म्हणजे पैसे कंपनीकडे नाही, शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांकडे गेले. मग शेअरला ३५७ रुपये भाव कशाच्या जोरावर लावला? कंपनीचे तीन वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये स्वतः भरून बघा. ती फाइल घेऊन मुंबईतल्या छोट्या मर्चंट बँकरकडे (असे इश्यू हाताळणाऱ्या संस्थेकडे) इंटर्नशिप मागा. तिथे ओळख लागतेच असं नाही, चिकाटी मात्र लागते.