मदत हवी आहे: समाज कोसळण्यावरचा चित्रपट दाखवल्यावर चर्चा कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या चित्रपट गटात नुकताच 'चिल्ड्रन ऑफ मेन' पाहिला. चित्रपट सगळ्यांना भिडला, पण नंतरची चर्चा पार भरकटली. अशा चर्चा घ्यायचा अनुभव असलेल्यांचा सल्ला हवा आहे. (पुढे कथेतले प्रसंग उघड केले आहेत. पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

आल्फोन्सो क्वारोनचा हा २००६ चा चित्रपट २०२७ सालच्या ब्रिटनमध्ये घडतो. अठरा वर्षांत जगात एकही मूल जन्मलेलं नाही आणि निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडलं जातंय. मुलं का होत नाहीत, हे चित्रपट सांगतच नाही. आमचा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला. विषाणू असेल, प्रदूषण असेल, दिग्दर्शकाने पळवाट काढली! माझ्या मते कारण मुद्दाम गाळलंय. कारण कळलं की आपण उपाय शोधत बसतो आणि पिंजऱ्यातली माणसं मागे पडतात. आमच्याकडे कारण न कळताही तेच झालं, याचं फार वाईट वाटलं.

मग कुणीतरी म्हणालं, "हे तर आजच चाललंय." तिथून जी राजकारणावर जुंपली ती शेवटपर्यंत.

या गदारोळात एक फार मोलाचं बोलणं बुडालं. चित्रपटात अखेर एक बाळ जन्मतं. शेवटाकडे त्याचं रडणं ऐकून सैनिक गोळीबार थांबवतात, त्याच्या आईला वाट करून देतात. बरेच जण तिथे रडले, एकाला तो प्रसंग बटबटीत वाटला. गटातली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "मला ते थांबल्याचं नाही, लगेच पुन्हा सुरू झाल्याचं वाईट वाटलं." यावर कुणीच काही बोललं नाही. शिवाय दोघं-तिघं अख्खा वेळ गप्प होते. मला काळजी त्यांचीच जास्त आहे.

चित्रपट संपल्या संपल्या बोलायला लावणं बरोबर आहे का? अमेरिकेत २० नोव्हेंबर १९८३ ला अणुयुद्धावरचा 'द डे आफ्टर' दूरदर्शनवर दाखवला, तेव्हा सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला आणि लगेच खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर वगैरेंची चर्चा प्रसारित झाली. पण तिथे जाणकार बोलत होते, हादरलेला प्रेक्षक घरी बसून ऐकत होता. आमच्याकडे हादरलेल्यांनीच लगेच बोलायचं असतं. त्यापेक्षा आधी प्रत्येकाने चार ओळी लिहाव्यात, किंवा दुसऱ्या दिवशी भेटावं, असं मनात आहे. कुणी करून पाहिलंय का? लिहायला सांगितलं की लोक आणखी आखडतात का?

आणि पहिला प्रश्न कोणता विचारावा? "काय वाटलं?" याला "भारी" किंवा "भयंकर" एवढंच उत्तर येतं. "कोणत्या क्षणी नजर वळवावीशी वाटली?" असं विचारलं तर?

घाई एवढ्यासाठी की पुढचा चित्रपट 'थ्रेड्स' (१९८४) ठरलाय. अणुहल्ल्यानंतरचं शेफिल्ड शहर, आणि कथा पुढे तेरा वर्षं जाते. त्यात 'चिल्ड्रन ऑफ मेन'इतकीही आशा नाही. तो दाखवावा असं मला मनापासून वाटतं, पण आधी किती सांगावं? सगळं सांगितलं तर धक्का बोथट होईल. काहीच नाही सांगितलं, तर गप्प बसणारे कदाचित परत येणार नाहीत. ज्यांनी तो गटात दाखवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.