कोई मासे (शोभेचे रंगीत कार्प) मरताहेत, कोई हर्पिस व्हायरसची शंका. पाणी ३० अंशांवर न्यावे का? मदत हवी आहे

पुण्यात गच्चीवर सुमारे हजार लिटरची टाकी आहे, त्यात कोई आणि थोडे गोल्डफिश. नवीन कोई ऑक्टोबरच्या उकाड्यात वेगळ्या टबात ठेवले होते, पाणी ३० च्या आसपास, तेव्हा ठणठणीत. थंडी पडून पाणी २२ वर आले आणि जुने-नवे दोन्ही मरू लागले. गोल्डफिशना काहीच नाही, आणि हा व्हायरस कोई-कार्पनाच मारतो, म्हणूनच शंका जास्त.

मेलेल्या माशाचे कल्ल्यावरचे झाकण उचलले तर लाल कल्ल्यांत पांढरट, कुजल्यासारखे चट्टे. डोळे खोल गेलेले, अंगावर चिकट थर. अमोनिया, नायट्राइट शून्य. मीठ आणि पोटॅशियम परमँगनेट देऊन झाले, फरक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसले नाहीत.

व्हायरसवर औषध नाही, गरम पाण्यात तो फक्त थंडावतो आणि वाचलेले मासे वाहक राहतात हे माहीत आहे. यातला एकही मासा कुणाला देणार नाही. हीटर, थर्मोकोलचे झाकण आणि जादा एअर पंप तयार आहे, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी होतो आणि कल्ले आधीच खराब आहेत.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: तापमान दिवसाला किती अंशांनी वाढवायचे आणि ३० वर किती दिवस ठेवायचे? पीसीआर तपासणीसाठी (व्हायरसचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत खासगी नमुने घेतात का, आणि कल्ले बर्फात न्यायचे की अल्कोहोलमध्ये?