लाकडी लाँगबोची सुरुवात किती पौंडांपासून करावी?

प्रश्न (परभणी): वय ४२ असून शेतात सरावाला जागा आहे. ४५ पौंडांचे लाँगबो धनुष्य घ्यावे काय? निशाणामागे कडब्याची गंजी राहील.

उत्तर (लातूर): ४५ अजिबात नको. हा आकडा म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, तो साधारणतः २८ इंचांच्या ओढीवर मोजतात, आणि कंपाउंडसारखी (चाके लावलेल्या धनुष्यासारखी) ओढीच्या शेवटी भारात सूट मिळत नसल्याने पूर्ण भार बोटांवर राहतो. म्हणून २५ ते ३० पुरेत. मी हट्टाने जड घेतले आणि दोन महिने खांदा शेकत बसलो.

उत्तर (नांदेड): बाण मुठीला घासून सुटतो, त्यामुळे पिसे खरीच हवीत, प्लास्टिकची नव्हेत. बाण न लावता दोरी सोडू नये, सराव संपताच ती उतरवावी, आणि मे महिन्यात धनुष्य पत्र्याखाली ठेवू नये. कडब्याच्या पेंढ्या मात्र घट्ट आवळा. सैल गंजीत बाण शोधताना संध्याकाळ होते.