मदत हवी आहे : डाळिंबाच्या सालीचा उन्हाळी प्रकल्प, गाळताना रंग कागदच खातो

नमस्कार मंडळी. सोलापुरात बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी आठ आठवड्यांचा प्रकल्प आहे: डाळिंबाच्या सालीच्या पुडीने पाण्यातला मेथिलीन ब्लू हा निळा रंग शोषून घेणे. 50 मिली द्रावण, लिटरला 10 मिग्रॅ रंग, 0.1 ग्रॅम पूड, तासभर हलवायचं, मग कागदातून गाळून 664 नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो याचं रीडिंग. प्रमाणरेषा (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेली, रीडिंगवरून रंग किती ते सांगणारी) लिटरला 1 ते 4 मिग्रॅपर्यंतच, त्यावरचं पातळ करून.

अडचण अशी की पूड न घातलेल्या फ्लास्कचं रीडिंगही गाळल्यावर उतरतं. कागदातलं सेल्युलोज हा रंग धरतं, हे उघड आहे. (मुलांनी हे स्वतः पकडलं तर निम्मा उन्हाळा तिथेच वसूल!) सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून पूड तळाशी बसवणारं यंत्र) नाही. रात्रभर निवळायला ठेवलं तर संपर्काची वेळ वाढते, शिवाय बारीक पूड तरंगतच राहते.

पहिले 10 मिली गाळून फेकून दिले तर पुरतं का, की ग्लास वूल बरी? पूड किती मेशची (म्हणजे किती बारीक चाळणीची) घेता? मे महिन्यात खोली 40 अंशांजवळ जाते. वॉटर बाथ नसेल तर तापमान कसं सांभाळता? आणि शेवटचे दोन आठवडे आयसोथर्मला (तापमान तेच ठेवून, रंगाचं प्रमाण बदलत पूड किती रंग धरते ते पाहणं) द्यावेत की तीच रीडिंग तीन-तीनदा घ्यायला लावावीत? माझा कल तीनदाकडे आहे.