सोलापूरची हाफ झाली. आता फुल, की आधी वेळ सुधारू?

कटिंगटेबल

रविवारी गावातली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, पळाले. आयुष्यातली पहिलीच. २ तास ३१ मिनिटं. वय ४१, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे, म्हणजे दिवसभर उभंच. दीड वर्षापूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कंबर तलावाला चालता चालता कधी पळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

झालं काय ते सांगते. पहिले १० किलोमीटर ६४ मिनिटांत गेले. सरावात मी एवढी जोरात कधी पळाले नव्हते. पण सातव्या किलोमीटरला रूट आमच्या गल्लीच्या तोंडावरनंच जात होता. सासूबाई शाल पांघरून खुर्ची टाकून बसलेल्या, शेजारच्या तेलुगू काकू पोरांना घेऊन उभ्या, "अक्का, पळा पळा" म्हणून ओरडायलेत. अशा वेळी माणूस हळू कसं पळणार ओ? पोट आत घेतलं, हात हलवला आणि सुसाट सुटले.

सोळाव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा आला. तिथनं पुढं थोडं पळ, थोडं चाल. शेवटच्या ११ किलोमीटरला ८७ मिनिटं लागली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इथनं तर लई जोरात गेलतीस की गं, मग एवढा वेळ होतीस कुठं?"

डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. तरी पुढच्या जानेवारीतली मुंबईची फुल, ४२ किलोमीटरची, डोक्यातनं जाईना. मिस्टर म्हणतात, आधी हाफ नीट पळ. आमचा सीझन मार्चअखेर सुरू होतो तो जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत. रात्री नऊ-नऊपर्यंत ओव्हरटाइम, वर सोलापूरचं ऊन. काय करू?

जॅकार्ड

अभिनंदन ताई! फुलची घाई करू नका एवढंच सांगतो. मी हाफनंतर तीन महिन्यांत फुल पळालो आणि पुढचं वर्षभर जिना आडवा उतरत होतो.

बार्शीलाइट

ताई, गोळा सोळाव्याला आला, पण चूक सातव्याला झाली. हिशेब बघा. पहिल्या दहात तुम्ही किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांनी पळालात, नंतर ७ मिनिटं ५० सेकंदांवर आलात. सुरुवातीपासून सात-सव्वासात धरले असते तर वेळ जवळपास हीच आली असती, फक्त पोटरी शाबूत राहिली असती आणि शेवटी चालावं लागलं नसतं. गावात पळायचं तर ही किंमत असतेच. पार्क चौकात ओळखीचे दिसले की मीसुद्धा छाती काढतो.

आता फुलचं. हाफच्या वेळेची दुप्पट आणि वर दहा-पंधरा मिनिटं, असा ढोबळ अंदाज असतो. म्हणजे तुमचे सव्वापाच तास. पहिल्या वेळेला अजून अर्धा तास हाताशी ठेवा. जमण्यासारखं आहे, पण वर्षाची मांडणी आपल्या गावाप्रमाणं करा. पुस्तकी प्लॅन थंड देशातल्या माणसांसाठी असतात.

दोन आठवडे फक्त चाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातनं चार दिवस पळा, रविवारी १२ ते १४ किलोमीटरच्या वर जाऊ नका. एप्रिल-मे सोडून द्या. खरंच सोडून द्या. चाळिशीपार पारा, आठ-दहा तास टेबलापाशी उभं राहणं, त्यावर पळणं म्हणजे दुखणं विकत घेणं. तीन दिवस पहाटे अर्धा-अर्धा तास, तेवढ्यानं शरीर विसरत नाही. जूनअखेर सीझन संपला की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा आणि चौथा आठवडा हलका ठेवा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा ३० झाले की पुरे, पूर्ण ४२ सरावात कोणी पळत नाही. शेवटचे तीन आठवडे कमी करत आणा.

आणि एक विचारतो. कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलायत का कधी?

तिरपागडा

२१ किलोमीटरला मॅरेथॉन म्हणणं आधी बंद करा लोकहो. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५.

जॅकार्ड

तिरपागडा, तुमचं टायमिंग टाका की इथं. दोन वर्षं झाली विचारतोय.

पहाटवारा

नखाचं सांगते. बूट एक नंबर मोठा घ्या. लांब पळताना पाय सुजतो आणि अंगठा पुढं आपटत राहतो. दुकानात संध्याकाळी जा, पळायचे मोजे घालूनच माप द्या. काळं नख ओढून काढू नका, खालचं नवीन आलं की आपोआप पडेल. दोन तासांच्या वर पळताना नुसतं साधं पाणी ढोसू नका, लिंबू-मीठ-साखर घातलेलं जवळ ठेवा. मात्र तुमची शुगर बॉर्डरवर आहे, तेव्हा साखर आणि ती दुकानातली पळताना खायची गोड जेल किती चालतील ते डॉक्टरांनाच विचारा. चिप टाइमचं, म्हणजे नंबरासोबतच्या चिपनं मोजलेल्या वेळेचं, सर्टिफिकेट जपून ठेवा, मुंबईच्या फुलची नोंदणी करताना आधीची वेळ लागू शकते.

कटिंगटेबल

@बार्शीलाइट, तीनदा गेलेय तुळजापूरला. दोनदा नवस म्हणून, एकदा नणंदेच्या सोबतीला.

बार्शीलाइट

मग झालं की! ते ४५ किलोमीटर भरतं. चालणं म्हणजे पळणं नव्हे, मान्य. पण रात्रभर पायावर राहणं, पहाटे तीनला पोटात काय टिकतं, फोड कुठं येतात, ३० नंतर डोकं कसं फिरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईपुण्याचे नवखे धावपटू त्यालाच घाबरतात. यंदाही जा. ऑक्टोबरात येते, सरावाच्या ऐन मध्यात. त्या आठवड्यात वेगळं लांब पळू नका, आणि घाटात चढताना बारीक पावलं टाका. मुंबईला पेडर रोडचा चढ लागला, तर तिथं तीच पावलं कामाला येतील.

कटिंगटेबल

तुळजापूरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बूट तेव्हाच नवीन घेते, देवीच्या वाटेवर रुळतील. मिस्टरांना तुमचा हिशेब वाचून दाखवला, म्हणाले, "सव्वापाच तास? तेवढ्यात मी गाडीनं मुंबई गाठतो." मुंबईत आमच्या गल्लीतलं कोणी नसेल, एवढं मात्र बरं.

दोन आठवडे नुसतंच चालायचंय. पहाटे साडेपाच, कंबर तलाव. कोणाला यायचं असेल तर या, पाणी आपापलं आणा.